म्वांगोचं राहिलेलं मयत

"म्वांगो चिलेक्वा गायला लागला, की भोंगा झाला समजून खाणीतले लोक घरी जायचे. माकडं खायचा. आमच्या आजोबांनी त्याच्या आजोबांना लढाईत धरून आणलं होतं. पण कामाला निरुपयोगी म्हणून परत केलं."

योटाम जेरेनं हे मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. खाणींच्या किट्वे शहरातल्या 'शाफ्ट सेव्हन' या बँडच्या चौघांपैकी आता तो एकटाच उरला होता. त्यांचा शेवटचा अल्बम 'दुपारची शिफ्ट' चाळीस वर्षांनी परदेशातली एक कंपनी पुन्हा काढत होती. सोबतच्या पुस्तिकेसाठी दिवंगत गायकाविषयी 'अगदी मनापासून' चार ओळी लिहा, असं तिथल्या मुलीनं कळवलं होतं.

योटाम न्गोनी जमातीचा, म्वांगो बेंबा; एकेकाळी लढलेल्या या जमातींत आता थट्टेचं नातं होतं. बेंबा गेला की न्गोनीनं मयताला जायचं, मेलेल्याची यथेच्छ टिंगल करायची आणि रडणाऱ्यांना हसवायचं. हा त्याचा हक्क, आणि कर्तव्यही. न्गोनी गेला की पाळी बेंबाची. पण म्वांगो गेला तेव्हा योटाम दूर चिपाताच्या इस्पितळात क्षयानं पडून होता. म्वांगोला नुसत्या रडारडीत पुरलं. अकरा वर्षं ही गोष्ट योटामला सलत होती. त्यामुळे चार ओळींची चार पानं झाली.

कंपनीनं ती जशीच्या तशी छापली. मग तिकडच्या एका समीक्षकानं लिहिलं, की बँड द्वेषापायी फुटला आणि ड्रमच्या आवाजात तो द्वेष स्पष्ट ऐकू येतो. वास्तविक योटामचा ड्रम फाटलेला होता. कंपनी घाबरली. तिनं विक्री थांबवली आणि म्वांगोच्या बायकोकडे 'तीव्र खेदासह' फुलं पोचवा, असं किट्वेतल्या एका दुकानाला सांगितलं. त्या दुकानात तीव्र खेदाचा एकच प्रकार मिळत असे. त्यांनी पुष्पचक्र पाठवलं.

कंपनीतल्या मुलीनं फोनवर हे सगळं सांगितलं, तेव्हा योटाम म्वांगोच्या घरी माफी मागायला धावला. अंगणात शेकोटी पेटली होती, पुरुष भोवती बसले होते, बायका डोक्यावर मक्याच्या पिठाची पोती घेऊन आत जात होत्या. आतून रडणं ऐकू येत होतं; सगळं मयताच्या घरी असतं तसंच.

"कोण गेलं?" त्यानं शेकोटीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"ते अजून कळलं नाही."

"मग रडताय कशाला?"

"दारात एवढं मोठं चक्र आलंय. कुणीतरी गेलं असणारच. घरच्यांना विचारणं बरं दिसतं का?"

आत जमिनीवर बायका रडत होत्या. मधोमध म्वांगोची बायको होती. मुलीच्या नावावरून सगळे तिला बाना म्वापे, म्हणजे म्वापेची आई म्हणत. सगळ्याजणी गळ्यात पडून रडतायत म्हटल्यावर तीही रडत होती.

"बाना म्वापे, चुकलं माझं," योटाम म्हणाला. "कंपनी दुसरी पुस्तिका छापतेय. त्यात लिहिलंय, म्वांगो थोर कलावंत होता, शांत आणि सज्जन गृहस्थ होता."

"असा कुणी आमच्या घरी राहत नव्हता," बाना म्वापे म्हणाली. तिनं मांडीवरची जुनी पुस्तिका पुढे केली. "म्वापेनं वाचून दाखवलं, पण शाळेतल्या धड्यासारखं. तू म्हण. मोठ्यानं. लोक पीठ घेऊन आलेत."

योटामनं सुरुवात केली. भोंग्यापाशी अंगणातला म्हातारा हसला. माकडांपाशी बायका हसल्या. आजोबांना परत केलं तेव्हा "गप रे, उंदीरखाऊ!" अशी न्गोनींना चिडवायची ठरलेली आरोळी बाहेरून आली आणि सगळं घर खदखदलं. बाना म्वापेनं हसता हसता पदरासारखा कापडाचा शेव तोंडावर ओढला. पुढची दोन पानं तो तिनं खाली घेतला नाही.

पानं संपली. योटामला उठवेना.

"माझ्या वेळी कोण येणार? ज्यानं यायचं, तो आधीच पळाला."

"मी आहे ना. मीही बेंबाच." बाना म्वापेनं डोळे पुसले आणि त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "एक शब्द चांगला बोलणार नाही."

"नक्की?"

"नक्की. घाई मात्र करू नकोस. माझं अजून काहीच लिहून झालेलं नाही."