मिरवणूक डावीकडे वळली

“दंड धरणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. तो वळला, की आख्खं विद्यापीठ वळलं म्हणून समजा.”

पहिल्या कुलगुरूंचा हा घोगरा आवाज कुलसचिवांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. आवाजाचा धनी जाऊन कितीतरी वर्षं झाली, विद्यापीठ गावातून उठून टेकडीवर गेलं, आवाज मात्र जागचा हलला नाही.

तो आवाज पहिल्यांदा घुमला तेव्हा विद्यापीठ म्हणजे बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याचं एक गोदाम होतं. चादरी बांधून वर्ग पाडलेले. गणिताच्या सरांनी काही विचारलं की चादरीपलीकडून इतिहासाची एखादी मुलगी उत्तर द्यायची, आणि ते बरोबर निघायचं. फरशी पुसली की फेस. पहिल्या तुकडीची मुलं पदवी घेऊन मुलाखतीला गेली, ती म्हणे नुसत्या वासावरून ओळखली गेली. पदवीदानाच्या मिरवणुकीपुढं धरायला मानाचा दंड हवा, तर कुलसचिवांनी पडद्याचा दांडा काढून खांद्याशी धरला होता आणि ते मागे न बघता चालले होते. त्या दिवशी गोदामाला तेवढा एकच पडदा होता. तोही मग दांड्याविना खाली आला.

पुढं विद्यापीठ वाढत्या पोरासारखं झालं, दर वर्षी कपड्यात मावेना. टेकडीवर जागा मिळाली, काचेची सभागृहं उभी राहिली, दंडाला चांदीची मूठ आली. दंड धरणारा मात्र तोच राहिला. आज त्याची शेवटची मिरवणूक. उद्यापासून निवृत्ती.

“डोळे मिटून नेईन,” सकाळी चहा पिताना ते बायकोला म्हणाले. “बघशील तू.”

ती विद्यापीठाची ग्रंथपाल. दोन कपाटांपासून तिनं ग्रंथालय उभं केलेलं. नवऱ्याची बढाई ऐकून ती एरवी हसली असती. आज तिनं उगाच ओटा पुसायला घेतला. कारण गेल्या उन्हाळ्यापासून ती एक गोष्ट लपवत होती. नवरा विसरत होता. चष्मा-किल्ल्या नव्हे, माणसं. समोरून कोणी आलं की ती आधीच मोठ्यानं म्हणायची, अहो, बघा कोण आलंय, आपले भूगोलाचे सर. ग्रंथालय लवकर उघडायचंय म्हणून ती रोज त्यांच्याबरोबर निघायची आणि त्यांच्या कचेरीच्या दारापर्यंत जायची. यातलं अक्षर तिनं ना कोणाला सांगितलं, ना त्यांना. एवढा एक दिवस निभावून जावा, ताठ मानेनं त्यांना घरी येऊ द्यावं, मग पुढचं पुढे. देवाकडं तिचं दुसरं मागणं नव्हतं.

सभागृहात पहिल्या रांगेत तिची खुर्ची होती. ती उभी राहिली ग्रंथालयाच्या खिडकीत. खाली रस्त्याला फाटा फुटत होता. उजवीकडे सभागृह, डावीकडे फाटक आणि गावात उतरणारा जुना रस्ता. मिरवणूक उजवीकडे वळली की तिचा जीव भांड्यात पडणार होता.

कुलसचिव फाट्यापाशी आले. क्षणभर थांबले. आणि चांदीची मूठ चमकवत, ऐटीत, डावीकडे वळले.

मागे नवे कुलगुरू. त्यांचं हे पहिलंच पदवीदान, त्यामुळे त्यांना वाटलं इथली पद्धतच अशी असेल. त्यांच्या मागे पाहुणे म्हणून आलेले वयोवृद्ध खगोलशास्त्रज्ञ, ते आकाश सोडून कुठंच बघत नसत. प्राध्यापकांनी एकमेकांकडं पाहिलं, पण दंडाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही हा नियम, तेव्हा अडवणार कोण? मग झगेवाले विद्यार्थी, मग बँड. बँडला एकच चाल येत होती, ती उतारावर आपोआप जलद झाली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. चौकातल्या पोलिसानं गाड्या थांबवल्या. एक न्हावी गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच सोडून बाहेर आला, आणि गिऱ्हाईकही त्याच्यामागं आलं. वर सभागृहात आईबाप रिकाम्या व्यासपीठाकडं बघत टाळ्या कधी वाजवायच्या याची चौकशी करत होते.

ग्रंथपालबाई पदर खोचून धावल्या. एक चप्पल उतारावरच राहिली. कुलगुरूंना गाठलं तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं. आता खरं सांगितलं असतं तर मिरवणूक तिथंच थांबली असती. आणि तिथंच, भर बाजारात, नवऱ्याची लाजही निघाली असती. उभ्या जन्मात त्या बाईनं पुस्तक परत न करणाऱ्यालाही खोटं ऐकवलं नव्हतं.

“जिथं विद्यापीठ जन्मलं, तिथं आधी माथा टेकवायचा,” त्या कुलगुरूंना म्हणाल्या. “मग समारंभ. यांनी ठरवलंय तसं. सांगायचं राहून गेलं.”

कुलगुरूंचे डोळे पाणावले. आपल्याला कोणी आधी बोललं कसं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

गोदामात आता गाद्यांचा व्यापार होता. झगे घातलेली एवढी माणसं आत शिरताना पाहून मालकानं नोकराला सगळे पंखे लावायला सांगितलं आणि कुलगुरूंना अदबीनं विचारलं, सिंगल बघणार की डबल. खगोलशास्त्रज्ञ टेकायला म्हणून एका गादीवर बसले आणि बघता बघता आडवे झाले. कुलसचिवांनी दंड तीनदा फरशीवर आपटला. मग इकडंतिकडं पाहिलं. चादरी कुठं गेल्या, फळा कुठं गेला, काही उमगेना. ओठ हलले, शब्द फुटला नाही. सगळ्यांना वाटलं, गहिवरले. बाईंनी हळूच जवळ जाऊन त्यांचा दंड धरलेला हात आपल्या हाताखाली घेतला.

कुलगुरूंनी एका उंच गादीवर चढून तिथल्या तिथं भाषण केलं. हा सोहळा दर वर्षी इथूनच सुरू होईल, तशी नोंद नियमांत केली जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्यांनी गाद्यांवरची धूळ उडाली. खोटं बोलून तासही उलटला नव्हता आणि त्याची परंपरा झाली होती.

परत टेकडी चढायची कोणाची छाती नव्हती. मालकानं टेंपो काढला, फेऱ्या करून सगळ्यांना वर न्यायचं ठरलं. पहिल्या फेरीत पुढं पाहुणे बसले. मागं, न विकलेल्या गाद्यांवर, नवराबायको. टेंपो चढावर कण्हत होता. गाव खाली खाली जात होतं. बाई म्हणाल्या की समारंभ फार छान होणार, लोक नाव काढतायत. त्यांनी पुढं आणखी काहीबाही सांगितलं, थांबल्या तर रडू येईल म्हणून.

कुलसचिव ऐकत होते. मग त्यांनी दंड गादीवर आडवा ठेवला.

“तू कुलगुरूंना काय सांगितलंस ते ऐकलं मी,” ते म्हणाले. “मी काही ठरवलं नव्हतं गं. नव्या सभागृहाची वाट आठवेना. जुनी आठवत होती.”

दंड घरंगळू नये म्हणून बाईंनी तो धरला.

“मला ठाऊक आहे, मला काय होतंय ते. डॉक्टरांकडं एकटाच जाऊन आलो. तू लपवायला एवढी धडपडत होतीस, म्हटलं कशाला तुझा हिरमोड करा.”

त्यांनी बराच वेळ तिच्या अनवाणी पावलाकडं पाहिलं.

“परवा सकाळी तू चहा घेऊन आलीस ना, तेव्हा ही बाई कोण, तेच मला आठवेना. चहा छान झाला होता. म्हणून काही बोललो नाही.”