कुठलं सॉरी?

आधीच सांगून ठेवते, इंग्रजीत मी कच्ची नाही. इबादान शहरातल्या आमच्या हॉटेलच्या काउंटरवर मी कित्येक वर्षं उभी आहे, आणि 'काय म्हणालात?' असं एकाही गिऱ्हाइकाने मला दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. त्यामुळे काउंटरची मुख्य कोण होणार, हा प्रश्नच नव्हता. मीच होणार होते! काउंटरवरच्याच फोलाशादेचंही नाव घेत होते म्हणे लोक. लोकांचं काय, लोक कुणाचंही नाव घेतात.

माझा घात केला तो एका शब्दाने. सॉरी!

आम्हा योरुबा लोकांचा मूळ शब्द 'पेले'. कुणाला ठेच लागली की पेले. कुणाला मिरचीचा ठसका लागला, कुणी डोक्यावर ओझं घेऊन घामाघूम चाललाय, पेले बाबा, पेले. पुढे इंग्रजी आलं आणि आम्ही पेलेला सॉरीचा कोट चढवला. कुणाची चप्पल तुटली तर अख्खा रस्ता 'सॉरी' म्हणतो. चप्पल कुणी तोडली, याची चौकशी त्यात कुठून आली?

पण एक परदेशी पाहुणा आला. त्याच्या बॅगेचा पट्टा त्याच्याच हातात तुटला. आमचा दरवान बिचारा 'सॉरी' म्हणाला, तर हा पठ्ठ्या म्हणतो, कबूल केलंत ना, मग आता नवी बॅग द्या! आणि आमचे मालक, ओयेलारन साहेब, त्यांनी दिली की हो!

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी डुरोजाये मास्तरांना आणलं. हे विलायतेत, लीड्सला बरीच वर्षं राहून आलेले. अंगाची लाही होतेय आणि यांच्या गळ्यात मफलर! त्यांनी आम्हाला ओळीने बसवलं आणि सांगितलं, की सॉरी म्हणजे गुन्ह्याची कबुली. ज्याने काही केलं नाही त्याने ते म्हणायचं नाही. त्याऐवजी हात मागे बांधून, हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचं, "हे दुर्दैवी आहे. मी काही मदत करू शकते का?" साहेबांनी तिथेच जाहीर केलं की हे ज्याला उत्तम जमेल तो काउंटरचा मुख्य.

मग काय! मी घरीदारी सराव सुरू केला. नवऱ्याला इस्त्रीचा चटका बसला, तेव्हाही हात मागे बांधून हसत म्हटलं, "हे दुर्दैवी आहे." तो जेवायला बहिणीकडे निघून गेला.

आणि मग त्या गुरुवारी साहेबांच्या आई हॉटेलात आल्या. आम्ही सगळे त्यांना मोठ्या आई म्हणतो. दारातल्या नव्या गालिचाची दुमड पायात आली आणि मोठ्या आई धाडकन पालथ्या पडल्या. आमच्याकडे बायका बांधतात तो भरजरी फेटा एकीकडे, चपला दुसरीकडे! दरवान, ड्रायव्हर, पळी हातात घेतलेला आचारी, तोंडात घास असलेले पाहुणे, सगळे एका सुरात 'सॉरी, सॉरी' करत धावले. फोलाशादेने तर गुडघेच टेकले. ती वर्गात पेंगत होती, तिला काय नियम ठाऊक!

मी मात्र जागची हलले नाही. हात मागे बांधले, हसले आणि स्वच्छ इंग्रजीत ते वाक्य म्हटलं.

मोठ्या आईंना इंग्रजी बेताचंच. फेटा सावरत त्यांनी विचारलं, "ही काय म्हणाली?"

फोलाशादेने मान खाली घालून भाषांतर केलं. "ती म्हणते, तुमचं नशीबच फुटकं आहे."

"सात लेकरं वाढवली मी," मोठ्या आई म्हणाल्या. "माझं नशीब फुटकं? आणि वर हसतेय?"

दुपारपर्यंत धोबीखोलीत बातमी पोचली की मी म्हातारीला शाप दिला. संध्याकाळी आचारी सांगत होता की गालिचाही मीच दुमडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पण करते काय? मुख्यपद हातचं जायची वेळ आली होती. शेवटी एकेक निवडून रताळी घेतली, मोठ्या आईंच्या घरी गेले, गुडघे टेकले आणि तोंड दुखेपर्यंत सॉरी म्हटलं. म्हातारी विरघळली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्यात साहेब आत आले.

"इतक्या वेळा सॉरी?" ते म्हणाले. "म्हणजे गालिचा खरंच तू दुमडलास?"

मी सांगितलं, साहेब, हे आपलं सॉरी आहे, पेलेवालं. लीड्सचं नाही.

"आपलं सॉरी माणूस पडतो तेव्हा म्हणतात. तेव्हा तू उभी राहून हसलीस. घरी येऊन म्हणतात ते कबुलीचं."

घ्या! पडल्यावर म्हटलं नाही म्हणून दोषी, नंतर म्हटलं म्हणून दोषी! मी हट्टाने डुरोजाये मास्तरांना विचारायला लावलं. मास्तरांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, ते संदर्भावर अवलंबून आहे. एवढ्यासाठी माणूस लीड्सला जातो?

सोमवारी फोलाशादे काउंटरची मुख्य झाली. तिच्या नावाची पितळी पाटीसुद्धा लागली. टाळ्या मीही वाजवल्या, वाजवाव्या लागल्या.

टाळ्या संपतात न संपतात तोच गालिचावाला आला. सगळ्यांसमोर म्हणतो, "साहेब, मी तेव्हाच बोललो होतो, हा लांब होतोय, कापू या. तुम्हीच म्हणालात, कापू नको, दुमडून टाक."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गालिचाकडे पाहिलं. मग ते सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. माझा ऊर भरून आला. आता खरंखुरं, लीड्सचं सॉरी येणार! आणि कबुली आली की भरपाई आलीच. दरवानाच्या एका सॉरीत नवी बॅग निघाली, मग मालकाच्या सॉरीत मुख्यपद का निघू नये? पाटी काय, चार खिळ्यांवर तर आहे.

"सॉरी, तिनुके," साहेब म्हणाले.

आणि माझी जीभ! आईने लहानपणापासून लावलेलं वळण. ठेच लागलेल्या माणसाला कुणी सॉरी म्हटलं की त्याने काय म्हणायचं असतं, ते जिभेला पाठ. मी भरपाई मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "थँक्यू, साहेब."

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी माझा खांदा थोपटला.

"जपून हं," ते म्हणाले. "चालताना खाली बघत जा."