दगाजी आबा आणि सकाळची टकटक

चालू इंजिन दिसलं की दगाजी आबा थांबायचे. हातातल्या काठीचं एक टोक इंजिनाला टेकवायचे, दुसरं कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. इंजिन कोणाचं, मालक ओळखीचा की अनोळखी, हा प्रश्न त्यांना पडत नसे. गल्लीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आबा मुठीत अक्षता धरून मांडवामागच्या जनरेटरला काठी लावून उभे होते. नवरदेवाच्या वडिलांना त्यांनी तिथूनच निरोप पाठवला, की जेवणं लवकर उरका, हे यंत्र दमलंय. दुसऱ्या पंगतीत वरण वाढताना दिवे गेले. तेव्हापासून लोक त्यांना हसायचेही आणि त्यांच्यासमोर आपली मोपेड चालू करायला घाबरायचेही.

धुळ्याला देवपुरात आम्ही शेजारी. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. आबांनी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं इंजिन सांभाळलं होतं. आता घरी एकटेच असत. बोलत अहिराणीत, तेही मोजकं. बहुतेक काम दोन वाक्यांत भागे: "घाई करानी नही" आणि "आयकू द्या माले."

ऐंशीचं दशक सरता सरता मी एक जुनी मोटार घेतली. डिसेंबरची थंडी पडली आणि तिनं रंग दाखवला. सकाळी चालू केली की बॉनेटखाली टकटक टकटक, कोणी आतून दार वाजवतंय असं वाटावं. दोनेक मिनिटांत आवाज आपोआप बंद. मी गॅरेज गाठेपर्यंत इंजिन गरम झालेलं असे आणि गाडी अगदी शहाण्यासारखी वागे. मिस्त्री माझ्याकडे बघे, मी गाडीकडे. तिसऱ्या खेपेला त्यानं वैतागून सांगून टाकलं, की बेअरिंग गेलं असणार, सोमवारी घेऊन या, इंजिन खोलू. त्याला आवाज एकदाही ऐकू आला नव्हता. सुशीला, माझी बायको, म्हणाली की खोलण्यापेक्षा विकून टाका.

हे बोलणं बुधवारी कुंपणापाशी झालं आणि कुंपणापलीकडे आबा होते. ते काठी घेऊन आमच्या अंगणात आले.

"उघडू नका. सोमवार लगून माले द्या."

गाडी दिली म्हणजे किल्लीही द्यावी लागली. आबांचं म्हणणं, इंजिन आतून गार झालं पाहिजे, मधे कोणी चालू करायचं नाही. तीन दिवस मी दारात मोटार असून सायकलवर कॉलेजला गेलो.

गुरुवारी सकाळी सहाला दार वाजलं. आबा कानटोपी घालून, हातात किल्ली घेऊन उभे. मी गाडी चालू केली, टकटक सुरू झाली. आबांनी काठी आधी इंजिनाच्या पोटाला लावली, मग वर सरकवत नेली. आवाज थांबला तसे ते सरळ झाले. बेअरिंग खाली असतं आणि आवाज वरून येतोय, एवढं सांगून ते घरी गेले. मला वाटलं होतं अजून काही करतील. पण आवाज दिवसातून एकदाच येणार, म्हणजे परीक्षाही एकदाच.

शुक्रवारी त्यांनी पंख्याचा पट्टा काढून इंजिन चालू करायला लावलं. टकटक होतीच, म्हणजे त्या पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप निर्दोष सुटला. शनिवारी व्हॉल्व्हचं झाकण उघडून फटी मोजल्या, जुळवल्या, पुन्हा चालू. टकटक होतीच. त्या दिवशी मी धीर सोडला. आबा म्हणाले, "घाई करानी नही," आणि हात पुसत निघून गेले.

रविवारी ते अगरबत्ती पेटवून आले आणि मला गाडी चालू करायला लावली. इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी जिथे जोडलेली असते, त्या जोडावरून ते अगरबत्ती हळूहळू फिरवू लागले. समोरच्या मारवाडी काकूंनी गाडीची पूजा समजून हळदकुंकू आणि खडीसाखर आणली. आबांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि अगरबत्ती पुढे सरकवली. तिसऱ्या बोल्टाजवळ धुराची रेघ मोडली. प्रत्येक टकटकीला ती झटक्यानं बाजूला उडत होती.

"आठे शे," आबा म्हणाले.

जोडातलं पॅकिंग जळलं होतं. इंजिन थंड असताना त्या फटीतून धूर फटफटत निघे. लोखंड तापून फुगलं की फट मिटे आणि आवाज बंद. दुपारी बसून त्यांनी नवं पॅकिंग घातलं.

सोमवारी सकाळी गाडी चालू केली. काही नाही. नुसती गुरगुर. तरी आबांनी पूर्ण दोन मिनिटं ऐकलं, मग जोडावरचे बोल्ट हातानं चाचपून पुन्हा आवळले. मी त्यांना बळंच शेजारी बसवलं आणि दोंडाईच्याच्या रस्त्यानं फेरी मारायला निघालो. वाटेत म्हटलं, एवढ्याशा आवाजासाठी पाच दिवस थंडीत उभे राहिलात.

 आबा हळूहळू सांगू लागले. त्यांच्या बायकोच्या छातीत सकाळी चूल पेटवताना कळ यायची. दुपारी डॉक्टरकडे जाईतो कळ थांबलेली असायची. डॉक्टर म्हणत काही नाही, मग आबाही तेच म्हणू लागले. मुलगी कमल सांगायची, आईला सकाळीच न्या. पण सकाळी जिनिंगचं इंजिन चालू करायला आबांनाच जावं लागे. एका सकाळी ते इंजिनापाशी असताना बायको चुलीजवळ कोसळली, ती कायमचीच.

"सकायनं दुखनं सकायलेच देखनं पडस," ते म्हणाले. "इंजिननं दुखनं माले समजस. तिनं दुखनं समजनं नही."

कमल दोंडाईच्याला दिलेली. आईनंतरच्या चार वर्षांत आबा तिच्या दारी गेले नव्हते. ती काही बोलली नव्हती; बोलेल याचीच त्यांना भीती होती.

परत वळायची जागा आली. मी वळलो नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं, पण थांबवलं नाही. गावात शिरल्यावर मी घर विचारलं तेव्हा त्यांनी बोटानं गल्ली दाखवली.

कमल ओट्यावर धान्य पाखडत होती. गाडीतून बाप उतरताना पाहून तिनं सूप खाली ठेवलं. आबा पायरीपाशीच उभे राहिले. ती जवळ आली, त्यांचे काजळीनं माखलेले दोन्ही हात तिनं हातात घेऊन पाहिले.

"बाबा, हात कितला काळा शेतस," त्यांना दाराकडे नेत ती म्हणाली. "या मझार. ऊन पानी देस."