पाठराखीण आणि नावाचं यंत्र

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका नव्या घरी गेला आहात. घरातली मंडळी प्रेमळ आहेत. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि म्हटलं, "लेकरू गुणाचं आहे! फक्त आजपासून याचं नाव बदलायचं." काय होईल? पोहे घशातच अडकतील की नाही? उघडा आता डोळे. सुकेशनीचं नेमकं हेच होणार होतं, आणि तिला तर पोहेसुद्धा अजून कुणी दिले नव्हते!

सुकेशनी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली. काल तिचं लग्न झालं आणि वरात शहरात, सिडको कॉलनीत, बद्रीनाथरावांच्या दुमजली घरी आली. नवरदेव म्हणजे त्यांचा एकुलता एक विश्वजीत. नवरीला नव्या घरी परकं वाटू नये म्हणून माहेरचं कुणीतरी सोबत पाठवतात, तिला म्हणतात पाठराखीण. ती होती सुकेशनीची धाकटी बहीण अक्षदा, इयत्ता चौथी. निघताना भिकनआजोबांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ताईच्या सामानावर ध्यान ठेव. काय बी हरवलं नाय पायजे." तेव्हापासून ही पोरगी ताईच्या बॅगेवर कोंबडी अंड्यांवर बसावी तशी बसून होती!

सकाळी पूजा झाली आणि तांदळानं भरलेलं ताट मधोमध आलं. या तांदळात नवरदेवानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी त्या घरची रीत.

बद्रीनाथराव खाकरले. ते खाकरले की कॉलनीतली कुत्रीसुद्धा सावरून बसत.

"मंडळी," ते म्हणाले, "आमच्या सुनेचं नाव असं पडणार, की अख्ख्या सिडकोत दुसरं सापडायचं नाय! हे बघा, ॲप. 'नामविश्व'. बटण दाबलं की जगातलं कुठलं बी नाव आपोआप येतं. अर्थासकट! आत्याचा रुसवा नाय, मामाचा मानपान नाय. यंत्राला नातंगोतं कळत नाय. येईल ते फायनल. माघार नाय!"

"अहो, पण तिला नाव आहे की," त्यांची बायको सुरेखाबाई म्हणाल्या.

"तुला बी होतं. काय बिघडलं?"

सुरेखाबाई गप्प बसल्या. तीस वर्षांचा सराव होता.

अक्षदानं ताईच्या कानात विचारलं, "ताई, तुझ्या नावाचं काय करणार हे?"

"पुसणार," सुकेशनी म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आता सुकेशनी हे नाव कुठून आलं होतं, ते ऐका. आजोबांच्या आईची लेकरं जगत नव्हती. म्हणून तिनं आजोबांचं नाव ठेवलं भिकन. म्हणजे भीक मागून आणलेला. असल्या पोराला कोण दृष्ट लावणार! आजोबा जगले, पण ते नाव जन्मभर फाटक्या सदऱ्यासारखं वागवत जगले. नात झाली ती डोकंभर काळेभोर केस घेऊनच. आजोबा मेंढरं सोडून तडक शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, "लई सुंदर केसाच्या पोरीला काय म्हणत्यात?" गुरुजी म्हणाले, सुकेशनी. आजोबा घरी येऊन म्हणाले, "माझं नाव मागून आणलेलं हाय. हिचं हिच्या अंगचं हाय."

अक्षदाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ताईचं नाव म्हणजेही सामानच, आणि ते हरवायला लागलं होतं! आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत!

बद्रीनाथरावांनी मोबाईल हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग परत लांब धरला. अर्थ बारीक अक्षरात होता आणि नव्या सुनेसमोर चष्मा लावायची त्यांना लाज वाटत होती.

"ए बाळा, इकडं ये. तू वाच."

हीच त्यांची पहिली चूक! अक्षदा शाळेत प्रकट वाचनात पहिली होती. तिचा आवाज घाट उतरून पलीकडे जाईल असा. बद्रीनाथरावांनी ॲपमधल्या मुलीच्या चित्रावर बोट दाबलं आणि अक्षदानं वाचलं, "लेआ! भाषा हिब्रू! अर्थ, थकलेली!"

"बरोबर आहे," सुरेखाबाई म्हणाल्या. "जरा लवकर आलं, एवढंच."

बायका फिसकन हसल्या. बद्रीनाथराव म्हणाले, "ती ट्रायल होती!" आणि पुन्हा दाबलं.

"सेसिलिया! भाषा लॅटिन! अर्थ, आंधळी!"

"अगंबाई, विश्वजीतला पसंत केलं म्हणून की काय?" शेजारच्या प्रेरणावहिनी म्हणाल्या.

"नेट स्लो हाय!" बद्रीनाथराव ओरडले. जणू नेट जोरात असतं तर तिला दिसायला लागलं असतं! तिसऱ्यांदा बोट पडलं.

"राहेल! भाषा हिब्रू! अर्थ, मेंढी!"

कोपऱ्यात गावाकडचे खंडेरावआप्पा बसले होते, बद्रीनाथरावांचे चुलते. ते मांडीवर थाप मारून उठलेच. "बद्री, यंत्र लई हुशार हाय रे! बरोब्बर आपल्या घरावर गेलं! तुझ्या आज्याची हयात मेंढरं वळण्यात गेली. तू बी लहानपणी कोकरू खांद्यावर टाकून घाटात हिंडायचा, आठवतंय का?"

बद्रीनाथरावांनी कॉलनीत सांगितलं होतं की त्यांच्या घराण्याला निजामाच्या काळापासून जहागीर होती.

"हां, म्हणजे जहागीर चार पायांची होती!" प्रेरणावहिनी म्हणाल्या. त्यांनी ती बातमी तिथल्या तिथं व्हॉट्सॲपवर टाकली असणार, कारण खालच्या गेटवर कुणीतरी हसल्याचा आवाज आला.

मुलांनो, एक सांगून ठेवतो. ज्यांनी पहिल्यांदा लाडक्या लेकीला मेंढी म्हटलं, त्यांचं घर मेंढ्यांवर चालत होतं. त्यांना लाज नव्हती. लाज सिडकोत राहायला आल्यावर लागते.

बद्रीनाथरावांचा चेहरा आता वांग्याच्या रंगाचा झाला होता. "हे अर्थबिर्थ बंद कर गं!" ते अक्षदाला म्हणाले. "नाव कानाला गोड लागल्याशी मतलब!"

ॲपमध्ये अर्थ लपवायचीही सोय होती. असल्या ग्राहकांसाठीच केलेली असावी! अक्षदानं अर्थ लपवला. बोट पडलं.

"मॅलरी," अक्षदानं वाचलं.

"वा! हे नाव! कसं भारदस्त! विलायतेची राणी वाटते! लिही रे विश्वा, लिही!"

विश्वजीतनं खाली मान घालून अंगठी हातात घेतली आणि तांदळात म ओढला. सुकेशनीनं डोळे मिटून घेतले. अक्षदानं मात्र मिटले नाहीत. तिनं लपवलेला अर्थ हळूच पुन्हा उघडला, आणि मग प्रकट वाचनाची स्पर्धा असल्यासारखं वाचलं, "मॅलरी! भाषा जुनी फ्रेंच! अर्थ, कमनशिबी, करंटी!"

सुरेखाबाईंनी ताटावर असा हात फिरवला की अर्धे तांदूळ बद्रीनाथरावांच्या मांडीवर! "पूजेच्या ताटात करंटी लिहिता? माझ्या सुनेला? देवासमोर?"

"मला काय म्हाईत? फ्रेंच येतंय का मला?"

"मराठीतलं सरळ नाव होतं ना समोर!"

गलका सुरू झाला. तेवढ्यात अक्षदानं शांतपणे विचारलं, "काका, इथं मुलाचं पण चित्र आहे. दाजींचं नाव काढू?"

"त्याचं कशाला? त्याला नाव हाय की!"

"ताईला पण होतं."

अक्षदानं बोट दाबलं.

"कॅल्विन! भाषा लॅटिन! अर्थ, टकला!"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू विश्वजीतच्या फेट्याकडे वळल्या. कालपासून फेटा उतरला नव्हता. सकाळी दात घासतानाही उतरला नव्हता. विश्वजीत म्हणजे जग जिंकणारा, पण जग जिंकायला निघालेले हे वीर हरले ते कपाळाच्या वर चार बोटांवर!

"हे रद्द!" बद्रीनाथराव गरजले.

"असं कसं काका? यंत्राला नातंगोतं कळत नाय. माघार नाय. तुम्हीच म्हणाले!"

लग्न झाल्यापासून सुकेशनी पहिल्यांदाच हसली, आणि तीही पदर तोंडाला न लावता. विश्वजीतनं तिच्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं दोन्ही हातांनी फेटा उतरवून बाजूला ठेवला. ॲप खोटं बोललं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "मला माझंच नाव असू द्या."

"असू दे की! कोण काढतंय?"

"मग हिचं पण."

आणि त्यानं उरलेल्या तांदळात गिरवून गिरवून लिहिलं, सुकेशनी.

"ब्येस!" खंडेरावआप्पा म्हणाले. "जोड्यातल्या एकाला तरी केस पायजेतच!"

सामान वाचलं! अक्षदाला वाटलं, आता पुन्हा बॅगेवर जाऊन बसायला हरकत नाही. पण सुरेखाबाई अजून ताटाकडेच बघत होत्या. अक्षदा त्यांच्याजवळ सरकली.

"मावशी, तुमचं पहिलं नाव काय होतं?"

सुरेखाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. लहान मुलीसारख्या लाजल्या. "साळू," त्या पुटपुटल्या.

"साळू?" बद्रीनाथरावांनी मांडीवरचे तांदूळ झटकले. "ही साळू कोण आता?"

अक्षदानं दाजींच्या हातून अंगठी घेतली, ताटातले तांदूळ तळहातानं सारखे केले, ताट सुरेखाबाईंच्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, "मावशी, मोठ्या अक्षरात लिहा. काकांना बारीक दिसत नाय."