पडक्या घरांची टंचाई

आमच्या गावात एकही पडकं घर शिल्लक राहिलेलं नव्हतं आणि त्यामुळे गावावर मोठं संकट ओढवलं होतं. घरकुलं मंजूर होती, पण ग्रामसेवकाच्या मोबाइलला फोटो लागत होता: पुढे अर्जदार, मागे त्याचं मोडकळीला आलेलं मातीचं घर. आम्हा सगळ्या गरजूंच्या मागे मात्र दुमजली स्लॅब येत होते. माझ्या तर जिन्याला स्टीलचा कठडा आहे. तो काही केल्या लपेना.

गावात खरा बेघर एकच होता, तांड्यावरचा धर्मसिंग मिस्त्री. एके काळी डोंगरकडा गावापासून वसमतपर्यंत मातीची भिंत म्हणजे धर्मसिंगची भिंत. मग सिमेंट आलं आणि त्याचं काम गेलं. मग रस्ता रुंद झाला आणि त्याचं घर गेलं. जागा सरकारी होती, म्हणून मोबदल्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तेव्हापासून तो आणि त्याची बायको मोतीबाई मारुतीच्या ओसरीत राहत होते. ग्रामसेवकाने त्याचाही फोटो काढून पाहिला. मागे मारुती आला.

"तुमच्या मागं कच्चं घर न्हाई," ग्रामसेवक म्हणाला.

"साहेब, मला घरच न्हाई."

"तीच तर तकलीफ हाय. कच्चं असलं तर पक्कं देता येतं. मुळातच न्हाई, तर काय बदलून द्यावं आमी?"

यात खोट काढायला जागा नव्हती. धर्मसिंगनेही मान डोलावली.

मी उपसरपंच, त्यामुळे युक्ती मलाच सुचली. पडकी घरं नसतील तर बांधून घ्यावीत! बांधणारा तर ओसरीत रिकामाच बसलेला. "आमची पडकी घरं उभी करून दे, मग तुझंही घरकुल बसवून देतो," असं मी त्याला मारुतीसमोर सांगितलं. त्याचा चेहरा असा खुलला, की मला माझ्याच दानतीचं कौतुक वाटलं.

मोतीबाईने भुसा घालून चिखल तुडवला, धर्मसिंगने भिंत घातली. बंगल्यामागे जाऊन पाहतो तर काय, भिंत सुतासारखी सरळ!

"अरे बाबा, पडकी पायजे, पडकी!"

"पडकी कशी बांधू, मालक? भिंत म्हातारी होऊन पडती. जन्मताच पडकी कुठं ऱ्हाती?"

"मग जरा वाकडी तरी घे."

"हात वळत न्हाई तिकडं."

काय म्हणावं अशा माणसाला! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. शेवटी तडजोड झाली. त्याने सरळ बांधायची, आम्ही ट्रॅक्टरचा धक्का देऊन वाकवायची. धक्का बसताना तो तोंड फिरवून बिडी ओढत बसायचा. पावसाळ्याआधी गाव इतकं दरिद्री दिसायला लागलं, की पाहून ऊर भरून यायचा. सगळ्यांचे फोटो निघाले, सगळे पात्र ठरले.

मग धर्मसिंगची पाळी आली. उरल्या मातीत त्याने गायरानावर एक खोली घातली. वर कापसाच्या पऱ्हाट्यांचं छप्पर, भिंतीत दिव्यासाठी कोनाडा, दारात मोतीबाईचं सारवण. दिलेला शब्द पाळावा म्हणून मी ट्रॅक्टर घेऊन गेलो.

"द्या धक्का," मोतीबाई म्हणाली. "पक्कं घर मिळून राहिलं."

धर्मसिंग दारात आडवा झाला. "इतक्या भिंती मोडू दिल्या. हिला न्हाई हात लावू देनार."

"अवो, फोटोपुरतं हाय!" मोतीबाई रडकुंडीला आली. "मला एकदा माझ्या सोताच्या पक्क्या घरात झोपायचं हाय."

"मंग झोप की हितं! हे काय कच्चं हाय व्हय?"

तालुक्याहून साहेब तपासणीला आले. "जरा दुःखी दिसा," असं त्यांनी धर्मसिंगला तीनतीनदा बजावलं. पण त्या भिंतीपुढे उभं राहून त्याला दुःखी होता येईना. साहेबांनी भिंतीला ओळंबा लावला, हाताने थोपटून पाहिलं आणि शेरा मारला: 'अर्जदाराकडे उत्तम व टिकाऊ निवारा उपलब्ध. अपात्र.' धर्मसिंगने तो शेरा पुन्हा वाचायला लावला. उभ्या जन्मात त्याच्या कामाला सरकारने चांगलं म्हटलं नव्हतं. तो हसत होता आणि मोतीबाई कपाळावर हात मारून खाली बसली होती.

उत्तम व टिकाऊ निवारा गायरानावर आढळला, म्हणजे अर्थातच ते अतिक्रमण. मोडकं असतं तर माणुसकी तरी दाखवता आली असती. पाडायला माझाच ट्रॅक्टर भाड्याने घेतला. पण भिंत त्याला दाद देईना, शेवटी जेसीबी आणावा लागला. या वेळी धर्मसिंगने तोंड फिरवलं नाही, शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत पाहत राहिला. मोतीबाई मला म्हणाली, "मालक, तुमच्या लेकराबाळांला तुमच्यासारका मानूस कदी भेटू नये." मी तो आशीर्वाद समजलो.

असो. माझं घरकुल झोकात पूर्ण झालं. त्यात सोयाबीनची पोती आहेत.

परवा पुण्याहून सूनबाई आली. प्रियंका म्हणते, "पप्पा, शेतात मातीचं घर बांधू. अस्सल, हाताने सारवलेलं. शनिवार-रविवार राहायला लोक वाट्टेल तेवढे पैसे देतात." तिने जाहिरात टाकली आणि घराचा पत्ता नसताना दिवाळीचं बुकिंग भरलंसुद्धा. नावं पाहिली मी. सगळी तुमच्यासारखीच वाचणारी, हळवी माणसं. संडास आतच आहे ना, एवढंच प्रत्येकाने विचारलंय.

तेव्हा आता धर्मसिंगला हुडकणं आलं. वारंगा फाट्याला पुलाखाली दोघं दिसतात म्हणे. तुम्ही त्याच रस्त्याने जाता, निरोप तेवढा द्या. गाडीत मात्र घेऊ नका, पाय चिखलाचे असतात त्यांचे. मातीचा वास तुम्हाला इथे आल्यावर मिळेलच, तो मुक्कामाच्या दरात धरलेला आहे.