हंबरमास्तरांचा ह

महाराष्ट्र राज्य झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, पुण्याच्या एका विद्यार्थी वसतिगृहाच्या कचेरीत नामदेव जोमा या मुलावर अन्याय झाला. वसतिगृहाचे नाव मी लिहिले होते. छापखान्याच्या मालकाने ते खोडले. एरवी मी भांडलो असतो, पण नाव कुठलेही घातले तरी गोष्ट हीच राहील, म्हणून सोडून दिले.

नामदेववर अन्याय कोणी केला हे पुढे येईलच. पण तो समजायला आधी आमचा नीळकंठ समजला पाहिजे. सारे पनवेल त्याला हंबरमास्तर म्हणते.

नीळकंठ मुंबईला कॉलेजात शिकतो, भाषा हा त्याचा विषय, आणि त्याच्या खिशात सदैव पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या असतात. यातली एक पट्टी तो समोरच्या माणसाच्या नाकाच्या शेंड्याला खळीने चिकटवतो. पट्टी ओठांसमोर लोंबते. मग माणसाने 'आम्ही' म्हणायचे. कागद फडफडला तर ह लागला. नुसता लोंबत राहिला तर तुम्ही 'आमी' म्हणालात, पुन्हा म्हणा.

आम्ही कॉलेजातली चार पोरे रविवारी भातगिरणीच्या पडवीत वर्ग घ्यायचो. मी इतिहास आणि संताप शिकवायचो, असे नीळकंठ म्हणे. मुले खाडीकाठच्या गावांतली, मिठागरात राबणाऱ्या घरांची. पनवेलला कॉलेज नाही. मॅट्रिकनंतर शिकायचे तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, आणि तिथे डोक्यावर छप्पर मिळाले तरच ते जमते. नाहीतर या मुलांची वाट पाहणारे लोक ठरलेले असतात. हातभट्टीची दारू सायकलच्या ट्यूबमध्ये भरायची, ती ट्यूब पोराच्या अंगाला गुंडाळायची आणि वरून सदरा घालून त्याला एस.टी.त बसवायचे. नामदेव आमच्याकडे आला तो एकदा असा पकडला जाऊन, पोलिसांचा मार खाऊन आला होता. गणितात मात्र असा, की मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत उत्तर सांगून मांजराशी खेळत बसे.

नीळकंठचे म्हणणे असे, की गणित त्याला येतेच; ते शिकवून काय उपयोग? मोठ्या गावात पहिल्यांदा जीभ बघतात. 'नाय' म्हणालास की संपलास. म्हणून दर रविवारी दुपारी पडवीत एका ओळीत मुले नाकाला कागद लावून बसत आणि एका सुरात म्हणत, आम्ही, तुम्ही, म्हैस, पुन्हा, उन्हाळा. हा आवाज गिरणीच्या धडधडीवरही रस्त्यावर ऐकू जाई. कुणीतरी विचारले, इथे गुरे बांधलीत काय? तेव्हापासून हंबरमास्तर.

त्याला गावात कुठेही बंदी नव्हती, पण असावी असे पुष्कळांना वाटे. एस.टी.च्या कंडक्टरला त्याने सुटे 'नाहीत' म्हणायला लावले. कंडक्टरने त्याला अर्ध्या वाटेत मुंब्र्याला उतरवला. बाजारात एक कोळीण बसते, तिला तो सुट्टीत रोज विचारी, कोळंबी आहे का? वास्तविक हा मासे खात नाही. फक्त तिच्या तोंडून 'नाही' ऐकायला विचारायचा.

"नाय," ती म्हणायची.

"नाही म्हणा."

"आन नाही म्हटल्यावर कोलबी येल काय टोपलीत?"

 तरी दुसऱ्या दिवशी हजर.

त्याने मुलांसाठी एक नियम काढला होता. म किंवा न दिसला की सावध व्हा, ह तिथेच लपून बसलेला असतो. आणि शंका आली तर घालून टाका. "जास्त झाला तरी चालेल, कमी नको." हे त्याचे पालुपद. फोडणीबद्दल बोलावे तसे तो हबद्दल बोलायचा.

नामदेवने नियम गणितासारखा घेतला. म आला, ह लाव. न आला, ह लाव. एका रविवारी तो 'म्हीठ' म्हणाला तेव्हा मी नीळकंठकडे पाहिले. तो खूश होता. मुलाच्या नाकावरचा कागद पताकेसारखा उडत होता. "आधी उगवू दे," मला म्हणाला, "मग खुरपू." खुरपायचे राहिले. मॅट्रिकचा निकाल लागला, नामदेव उत्तम पास झाला, आणि वसतिगृहाचे मुलाखतीचे बोलावणे आले. जागा मिळाली की कॉलेज, नाही मिळाली की ट्यूब. हे त्याला ठाऊक होते, आम्हाला होते आणि ट्यूबवाल्यालाही होते. त्याने निकालाच्या दिवशी नामदेवच्या घरी पेढे पाठवले होते.

पुण्याला आम्ही तिघे गेलो. नीळकंठने आपला इस्त्रीचा सदरा नामदेवला घातला. कचेरीचे दार उघडेच होते. आम्ही बाहेरच्या बाकावर. आत तीन सद्गृहस्थ. सद्गृहस्थ हा शब्द मी राग आवरून वापरतो आहे.

"नाव सांग."

"म्हाझं न्हाव न्हामदेव."

"न्हावी? अर्जावर तर आगरी लिहिलंय."

तिघे हसले. नामदेवलाही वाटले असावे की हे मुलाखतीत असते, म्हणून तोही हसला. वडील काय करतात, असे दुसऱ्याने विचारले.

"म्हीठ पिकवतात."

"काय पिकवतात?"

"म्हीठ."

"पुन्हा एकदा?"

त्याने पुन्हा एकदा सांगितले. मग त्याला आणखी एकदा सांगायला लावले. दर वेळी त्याला वाटत होते की ह कमी पडतो आहे, आणि तो आणखी जोर लावत होता. शेजारच्या खोलीतला कारकून ऐकायला दारात आला. नीळकंठ उठला. ज्याने कंडक्टर सोडला नाही, कोळीण सोडली नाही, लग्नात मंगलाष्टके म्हणणारा भटजी सोडला नाही, तो दाराच्या चौकटीत उभा राहिला, तोंड उघडले, आणि त्यातून काही आले नाही.

शुद्ध बोलायला शीक आणि पुढच्या वर्षी ये, असे सांगून नामदेवला बाहेर पाठवले. गणितातला एक प्रश्न विचारला नाही. गुणपत्रिका पाकिटातून बाहेरसुद्धा निघाली नाही.

आता माझे ऐका. मराठीचे राज्य मागायला आम्ही याच खाडीकाठी पत्रके वाटली. मिठागरातली माणसे उन्हातून चालत सभेला आली आणि 'झालाच पायजे' म्हणून ओरडली. 'पाहिजे' नव्हे, 'पायजे'. तेव्हा व्यासपीठावरच्या एकानेही विचारले नाही की बाबांनो, तुमचा ह कुठे आहे? राज्य मिळवायला ही जीभ चालली. मिळालेल्या राज्यात एक खाट मागायला ती चालत नाही. आणि नीळकंठला दोष देणाऱ्यांना मी विचारतो, नामदेव 'मीठ' नीट म्हणाला असता आणि नुसते 'नाय' म्हणाला असता, तर ते तिघे काय रडले असते?

परतीची एस.टी. खंडाळ्याच्या घाटाला लागली. मग नामदेवने खिडकीबाहेर बघत विचारले, "मास्तर, मिठात ह नाय?"

"नाही," नीळकंठ म्हणाला.

"मंग आदी का नाय सांगितलात?"



वर्ग बंद झाला. आम्ही केला नाही, मुले यायची थांबली. एकाच्या बापाने मला बाजारात सांगितले, पोराला हसून घ्यायला पुण्याला कशाला पाठवू, इथे काय हसणारे कमी हायत?  पत्रक लिहायचे असते तर मला उत्तर सुचले असते.

नीळकंठने लोकांना दुरुस्त करणे सोडले. कोळणीला चार दिवस चैन पडेना. शेवटी तिनेच एकदा त्याला हाक मारून, सगळा श्वास लावून सांगितले, "मास्तर, कोलबी ना-ही." तो मान हलवून पुढे गेला. ती मला म्हणाली, "याला काय झालंय? मी बराबर बोलले ना?"

भाताची कापणी झाल्यावर एका रविवारी मला कळले की तो आठवड्याआड नामदेवच्या गावाला जातो. मी सोबत गेलो. मिठागराच्या बांधांची डागडुजी चालली होती. नामदेव बांधावर चिखल थापत होता. आम्हाला पाहून त्याने मान हलवली, तोंड उघडले नाही. ट्यूबवाल्याची सायकल नामदेवच्या घराच्या दाराशी उभी होती. मी त्याबद्दल विचारले तेव्हा त्याची आई आधी पदराने भांडे पुसत राहिली, मग नीळकंठकडे वळली.

"मास्तर, तुमी त्याला काय केलंत? आदी लय बोलायचा. मांजरीशी पन बोलायचा. आता जेवताना बोट दाखवतो. मिठागरातला पोर, आन त्याला मीठ मागता येत नाय."

तिला पुण्याचे काही ठाऊक नव्हते. नामदेवने घरी फक्त जागा भरल्या एवढेच सांगितले होते. नीळकंठने तिला सगळे सांगितले, आपला नियमही सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, तुमी जेवून जा. ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटले.

नीळकंठने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधावर गेला. त्याला चिखल थापता येत नाही. त्याने थापलेला चिखल घसरून पाण्यात जायचा, मग नामदेव न बोलता तो हाताने परत वर ओढून बसवायचा. दुपार अशीच गेली. 

परत येताना मी त्याला म्हणालो, की याने काही होणार नाही. तो मुलगा बोलत नाही, तुझ्याकडे बघतसुद्धा नाही, कशाला येतोस?

 नीळकंठच्या घरी काका, काकू आणि आजोबा असतात. मी त्यांच्याकडे जेवलो आहे. ताटावर चमच्याचा आवाज झाला तरी तिथे दचकायला होते.

"आमच्याकडे सगळे शुद्ध बोलतात रे," तो म्हणाला. "पण बोलत नाहीत. रविवारी गिरणीत पोरं मला हसायची ना, तेवढंच काय ते माझ्याशी बोलणं. आणि त्यात सगळ्यात जास्त नामदेव."

तो आजही जातो. सायकलही तिथे येते.

वाचकहो, हळहळू नका. हळहळ काय असते ते मला पत्रके वाटून ठाऊक आहे. कागद हातात असेपर्यंत टिकते. तुमच्यापैकी कुणाचा सासरा, कुणाचा मामा, कुणाचे जुने गुरुजी अशा समितीत बसलेले आहेत. आज त्यांच्या घरी जा. नामदेव जोमाला पुन्हा बोलवायला लावा, रिकामी खाट नसेल तर एक जास्तीची टाकायला लावा. त्याला बसायला सांगा, गुणपत्रिका पाकिटातून काढा, आणि तो बापाचा धंदा कसाही उच्चारो, न हसता पुढचा प्रश्न विचारा.