तुंगक्का आणि उपाशी कादंबरी

आमच्या शेजारची तुंगक्का कादंबरीची परीक्षा एकाच गोष्टीवरून करते. त्यातली माणसं जेवतात की नाही? राजा असो की चोर, बराच वेळ कुणाच्या तोंडात घास गेला नाही की ती म्हणते, "हे खोटं आहे."

तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, बसवनगुडीतलं, अस्सल कानडी. मराठी घडाघडा बोलते, पण वाचता येतं ते कन्नडच. म्हणून दुपारी ती सुपात तांदूळ घेऊन निवडायला माझ्याकडे येते आणि मी वाचते. माझी शाळा चौथीपर्यंतची. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण तिच्यापुढे खणखणीत वाचते. एकदा नायिका नायकाला चंद्र दाखवत होती. तुंगक्का म्हणाली, "ते राहू दे. चुलीवर काय ठेवून आलीय ती?"

परवा इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतून ती गाजलेली कादंबरी मिळाली. एकट्या बाईची. बायका रडत रडत वाचत होत्या, म्हणून नंबर लावावा लागला होता. तो तुंगक्कानेच लावला. तिचे यजमान जाऊन वर्ष होत आलंय. "यात माझं काहीतरी असेल गं," एवढंच म्हणाली.

मी वाचू लागले. नायिका खिडकीत उभी राहिली. उसासा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत.

"सुमे, पानं चिकटली असतील, बघ. मध्ये जेवली असेल."

चिकटली नव्हती.

"स्वल्प कॉफी तरी?"

"नाही गं अक्का."

"ही बाई आहे की खिडकीचा पडदा?"

तरी शेवटच्या पानापर्यंत ती आशेने ऐकत राहिली. नायिका अंधाराकडे बघत बसली आणि कादंबरी संपली. मला हसू आवरेना. तुंगक्का मात्र मांडीवरच्या सुपातले तांदूळ बोटाने सारत राहिली.

"सरी, बरं," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे हिलाही ठाऊक नाही."

"काय?"

"एकटीला भात किती लावायचा ते. मी अजून दोघांचाच मापते. मग एक मूठ परत डब्यात टाकते. ती टाकताना रोज हात थांबतो गं."

मी पुस्तक मिटून म्हटलं, "आज यांची रात्रपाळी आहे. तुझ्याकडे जेवायला येऊ?"

ती सूप घेऊन लगबगीने उठली. "ये की. म्हणजे आज मूठ काढायला नको."